लहरी निर्दोष, डबा संशयित

१९९२ साली अलास्कातल्या जुनो या शहरात एका मेजवानीत भाजलेल्या डुकराचं मांस उरलं. ते लोकांनी घरी नेलं आणि नंतर ज्याला जसं सोयीचं वाटलं तसं गरम करून खाल्लं. मांसात साल्मोनेला हा जंतू होता. जुलाब-उलट्यांची साथ पसरली तेव्हा आरोग्य खात्याच्या माणसांनी चौकशी करताना एक साधा प्रश्न विचारला: गरम कशात केलं होतं? घरी नेलेलं मांस गरम करून खाणारे तीस जण निघाले. त्यांतल्या वीस जणांनी ते तव्यावर किंवा साध्या ओव्हनमध्ये गरम केलं होतं, त्यांपैकी एकही आजारी पडला नव्हता. उरलेल्या दहा जणांनी मायक्रोवेव्ह वापरला होता. ते दहाच्या दहा आजारी होते.

१९९४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’त छापून आलेला हा अभ्यास मायक्रोवेव्हविरोधी संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या नजरेतून निसटला, याचं नवल वाटतं. कदाचित तो त्यांच्या कामाचाच नसावा, कारण त्यात लहरींनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडलं ते लहरी पुरेशा पोहोचल्या नाहीत म्हणून. कडा चटका देतात आणि मधला भाग कोमट राहतो, हा या यंत्राचा स्वभावच आहे. कोमट भागात जंतू सुखरूप राहतात.

मायक्रोवेव्ह घरोघरी पोहोचून अर्धशतक उलटलं तरी त्याच्याबद्दलची भीती अजून लहरींभोवतीच घुटमळते आहे. कुणी म्हणतं कॅन्सर होतो, कुणी म्हणतं अन्न ‘मरतं’, कुणी यंत्र सुरू करून स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभं राहतं. तीच व्यक्ती हॉटेलातून आलेल्या पातळ प्लास्टिकच्या डब्यातला तर्रीदार रस्सा डब्यासकट आत ठेवते. भीती आहे, पण ती चुकीच्या वस्तूची आहे. त्यामुळे नुकसान दुहेरी होतं: निरुपद्रवी गोष्टीचा ताप होतो आणि उपद्रवी गोष्ट बिनबोभाट चालू राहते.

मायक्रोवेव्हच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तिला आजचं रूप दिलं ते शत्रूची विमानं हेरणाऱ्या रडारसाठी. युद्ध संपता संपता अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीत चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला गोड खाऊ वितळला, आणि १९४५ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन पुरुषभर उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. तो घरात मावणं शक्यच नव्हतं. ओट्यावर बसेल असं यंत्र यायला १९६७ साल उजाडलं.

घरच्या यंत्रातल्या लहरी सेकंदाला सुमारे अडीच अब्ज वेळा कंप पावतात आणि त्यांची लांबी साधारण बारा सेंटीमीटर असते. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. लहरीची दिशा पालटली की रेणू तिच्यामागे वळू पाहतो, शेजाऱ्यांना धक्के देतो, आणि त्या धक्काबुक्कीतून उष्णता निघते. बस्स, एवढंच. पाण्याचा एखादा खास ‘सूर’ धरून ही लहरसंख्या निवडलेली आहे हेही खरं नाही. उद्योग, वैद्यक आणि संशोधनासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातली ती एक सोयीची जागा आहे. घरचं वाय-फाय याच पट्ट्यात चालतं. काही घरांत मायक्रोवेव्ह सुरू केल्यावर व्हिडिओ अडखळतो तो त्यामुळेच.

‘रेडिएशन’ या शब्दाने माणूस दचकतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा येतं. पण क्ष-किरण आणि मायक्रोवेव्ह यांच्यातला फरक नुसत्या कमी-जास्त तीव्रतेचा नाही, जातीचाच आहे. रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला दहा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. ओव्हनमधल्या लहरीच्या एका कणात असते ती एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढी, म्हणजे दहा लाख पटींनी कमी. अशा कणांचा वर्षाव कितीही केला तरी क्ष-किरणांसारखी डीएनएची तोडफोड होत नाही. ऊब वाढते, आणि फार वाढली तर भाजतं. अन्नात लहरी ‘साठून’ राहतात ही समजूतही अशीच पोकळ. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तशा यंत्र बंद होताच लहरी संपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं, ते मुख्यतः मोबाइल कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून. त्याचा दाखला ओव्हनवर चिकटवला जातो, पण तो मुळात ओव्हनचा नाही.

मग माणसाच्या शरीरावर या लहरींचा परिणाम होतच नाही का? होतो, चांगलाच होतो. त्याची सर्वांत विलक्षण कहाणी गोठलेल्या हॅमस्टरांची आहे.

१९५० च्या दशकात लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ऑड्री स्मिथ आणि त्यांचे सहकारी हॅमस्टर हे उंदरासारखे प्राणी गोठवून पुन्हा शुद्धीवर आणण्याचे प्रयोग करत होते. प्राण्याचं हृदय सुरू करायला छातीवर तापवलेला चमचा टेकवावा लागे. जीव वाचे, पण छाती भाजे. तिथले एक शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक (पुढे ‘गाया’ सिद्धांतामुळे जगभर गाजले ते हेच) यांना हे पाहवेना. त्यांनी मॅग्नेट्रॉन मिळवून एक पेटी जुळवली. तिच्यातल्या लहरी प्राण्याच्या आत शिरून ऊब देत, आणि हॅमस्टर उठून चालू लागत. जेवणाच्या वेळी त्याच पेटीत लव्हलॉक यांनी बटाटाही भाजून खाल्ला. एकाच यंत्राने प्राण्याला जीवदान मिळालं आणि बटाटा शिजला. फरक होता तो किती वेळ आणि किती जोरात, एवढाच.

सुरक्षिततेच्या साऱ्या मर्यादा याच हिशेबावर उभ्या आहेत. शरीराच्या दर किलोमागे चार वॅट शोषले गेले तर अंगाचं तापमान सुमारे एक अंशाने वाढू शकतं, असं प्रयोगांतून दिसतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा सर्वसामान्य लोकांसाठी त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे दर किलोला ०.०८ वॅटवर ठेवली आहे. नुसत्या बसल्या जागी माणसाचं शरीर स्वतःच दर किलोमागे एक वॅटच्या आसपास उष्णता तयार करत असतं, आणि जिना चढताना त्याच्या काही पटींनी जास्त.

दोन अवयव मात्र नाजूक आहेत. डोळ्यातलं भिंग आणि पुरुषांचे वृषण. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत आणि वृषणाला शरीरापेक्षा थंड राहावं लागतं. इतर ठिकाणी वाहतं रक्त वाढलेली उष्णता पळवून नेतं, तशी सोय या दोन जागी अपुरी आहे. सशांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत मोतीबिंदू झाले, ते दर चौरस सेंटीमीटरला शंभर मिलिवॅटपेक्षा जास्त मारा बराच वेळ चालू ठेवल्यावर. एवढा मारा दार बंद असलेल्या घरच्या यंत्राबाहेर कुठेही सापडत नाही. पण रडारच्या तोंडाशी काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तो सापडू शकतो, आणि मर्यादा आखण्याची गरज पडली ती अशा माणसांमुळे.

लहरींचे आणखी काही चमत्कारिक परिणामही नोंदलेले आहेत. ॲलन फ्राय या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की स्पंदनांच्या रूपातल्या तीव्र मायक्रोवेव्ह डोक्यावर पडल्या तर माणसाला टकटक ‘ऐकू’ येते. डोक्यातल्या ऊती क्षणार्धात अतिसूक्ष्म प्रमाणात तापून प्रसरण पावतात आणि तो धक्का आतल्या कानापर्यंत जातो. अमेरिकी सैन्याने जमाव पांगवण्यासाठी बनवलेलं एक यंत्र ९५ गिगाहर्ट्झच्या लहरी फेकतं. त्या कातडीत जेमतेम ०.४ मिलिमीटर शिरतात, पण समोरच्याला गरम भट्टीचं दार उघडल्यासारखा चटका बसतो आणि तो बाजूला उडी मारतो. २०१० साली ते अफगाणिस्तानात नेलं आणि न वापरताच परत आणलं. वैद्यकात मात्र हीच ऊब रोज उपयोगी पडते: यकृतातली गाठ सुईवाटे मायक्रोवेव्ह सोडून जाळण्याचा उपचार आता मोठ्या रुग्णालयांत नेहमीचा झाला आहे.

तर शरीरावर परिणाम होतो, तो उष्णतेचा. प्रश्न उरतो तो एवढाच की ओट्यावरच्या यंत्रातून बाहेर किती येतं.

अमेरिकेत १९६७ साली काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून क्ष-किरण गळत असल्याचं उघड झालं आणि त्या गदारोळातून १९६८ चा किरणोत्सर्ग नियंत्रण कायदा आला. त्याखाली १९७१ पासून मायक्रोवेव्हची गळती बांधली गेली. कारखान्यातून निघताना यंत्राच्या पृष्ठभागापासून पाच सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला एक मिलिवॅट, आणि यंत्राच्या पूर्ण आयुष्यात पाच मिलिवॅट, याहून जास्त गळती चालत नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादाही पाच मिलिवॅटचीच आहे. अंतर दहापट झालं की तीव्रता साधारण शंभर पटींनी उतरते. म्हणजे हातभर अंतरावर उभ्या माणसापर्यंत मर्यादेचा शंभरावा भागसुद्धा मुश्किलीने पोहोचतो. दाराच्या काचेतली जाळी भोकांची असली तरी भोकं एक-दोन मिलिमीटरची, लहर बारा सेंटीमीटरची. उजेड त्यातून येतो, लहर अडते.

दारातली सुरक्षा याहून पक्की आहे. कायद्याने दोन स्वतंत्र खटके लागतात. दार जरा उघडलं की दोन्ही मॅग्नेट्रॉनची वीज तोडतात. ते अडकले तर त्यांच्यावर नजर ठेवणारा तिसरा खटका मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो.

तरी एक थेंब निसटतोच, आणि तो कुठे पकडला गेला याची हकीकत मजेदार आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंदनं मिळत होती. ती दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या स्फोटांसारखी दिसत, पण वेळ बहुधा जेवणाची असे. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी चोर पकडला: केंद्रातल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. घंटी वाजायची वाट न पाहता कुणी दार ओढलं की बंद होणारा मॅग्नेट्रॉन त्या क्षणी एक छोटी उचकी बाहेर सोडत असे. ती ओळखायला अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचं कुजबुजणं ऐकणारं उपकरण लागलं, यातच गळतीचं मोजमाप आलं. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह दुर्बीण पाहायला जाणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, त्याचंही कारण हेच. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की माणसाला न जाणवणारी लहरसुद्धा त्यांना झाकून टाकते.

मायक्रोवेव्हवरच्या अफवांमध्ये दोन सर्वांत चिवट. पहिली, सोव्हिएत रशियाने १९७६ साली त्यावर बंदी घातली होती. अशा बंदीचा कसलाही भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही. १९७६ या सालात मात्र दुसरंच काही घडलं होतं: मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासावर रशिया अनेक वर्षं मायक्रोवेव्हचा क्षीण झोत सोडत आहे, ही गोष्ट त्या वर्षी उघड झाली. शिवाय सोव्हिएत कामगारांसाठीची मर्यादा त्या काळी अमेरिकेच्या मर्यादेहून हजार पटींनी कडक होती. या दोन खऱ्या गोष्टींच्या खिचडीतून तिसरी खोटी गोष्ट शिजली असावी. दूतावासातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी केला. १९७८ च्या अहवालात, पूर्व युरोपातल्या इतर दूतावासांतल्या लोकांशी तुलना करून, झोतामुळे आजार झाल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना सापडला नाही.

दुसरी अफवा स्वित्झर्लंडच्या हान्स हर्टेल यांची. बर्नार्ड ब्लांक यांच्यासोबत त्यांनी आठ जणांना वेगवेगळ्या पद्धतीने शिजवलेलं अन्न देऊन रक्त तपासलं आणि मायक्रोवेव्हचं अन्न रक्तात कर्करोगाच्या सुरुवातीसारखे बदल घडवतं, असा गवगवा १९९२ साली झाला. ब्लांक यांनीच त्या अर्थापासून हात झटकले. विद्युत उपकरणांच्या व्यापारी संघटनेने खटला भरला, स्विस न्यायालयाने हर्टेल यांच्या तोंडाला कुलूप लावलं, आणि १९९८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते काढलं. ‘उद्योगांनी दडपलेलं सत्य अखेर जिंकलं’ असं म्हणून हा निकाल आजही फिरवला जातो. न्यायालयाने निवाडा दिला होता तो बोलण्याच्या हक्काचा. आठ माणसांच्या रक्ताचा नव्हे. व्यापारी संघटनेने त्यांना बोलू दिलं असतं तर हे नाव बर्नबाहेर कुणाला कळलंही नसतं, असं म्हणायला जागा आहे.

पोषणद्रव्यांची गोष्टही अशीच वाकवली गेली. २००३ साली एका स्पॅनिश अभ्यासात मायक्रोवेव्हमधल्या ब्रोकोलीने ९७ टक्के फ्लॅव्होनॉइड गमावले, हा आकडा जगभर गाजला. ब्रोकोली भरपूर पाण्यात शिजवली होती आणि द्रव्यं त्या पाण्यात उतरली होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. भाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि जास्त वेळाच्या उष्णतेने जातं. पाणी शिंपडून झाकण ठेवून चार मिनिटांत वाफवलेली पालेभाजी पातेल्यात रटरटा उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा बरी ठरते, मग आच कुठलीही असो.

आता डब्याकडे वळायला हरकत नाही.

२०२३ साली अमेरिकेच्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या अन्नाचे प्लास्टिकचे डबे आणि पाऊच मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवले. काही डब्यांच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ४० लाखांहून जास्त मायक्रोप्लास्टिक आणि दोन अब्जांहून जास्त नॅनोप्लास्टिक कण सुटल्याचं त्यांनी नोंदवलं. ते डबे पॉलिप्रॉपिलीनचे होते, म्हणजे तळाशी त्रिकोणात ‘५’ लिहिलेले, तेच जे ‘मायक्रोवेव्हला चालतात’ म्हणून विकले जातात. हे कण पोटात गेल्यावर नेमकं काय करतात याचा निकाल लागलेला नाही. प्रयोगशाळेत पेशी मेल्या त्या कणांच्या फार मोठ्या मात्रेत. पण ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचा ग्राहक जो अर्थ घेतो आणि शिक्का जे सांगतो, त्यांत दरी आहे. डबा वितळत नाही, वाकत नाही, ही त्यातली पहिली हमी. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांवर दर किलोला ६० मिलिग्रॅमची एकूण मर्यादा आहे. ती वजनाची मोजदाद आहे, कणांची नाही.

आपल्या जेवणाने हा प्रश्न अवघड करून ठेवला आहे. पाणी शंभर अंशांना थांबतं, तेल थांबत नाही. मटणाच्या रश्श्यावरची तर्री, पनीरवरचं बटर, फोडणीचं तेल डब्याच्या कडेला शंभराच्या वर जातं आणि तिथलं प्लास्टिक मऊ पडून खडबडीत होतं. घासूनही न निघणारी ती पिवळट-केशरी रेघ म्हणजे नुसता हळदीचा डाग नव्हे, तिथला पृष्ठभाग खराब झालेला असतो. आइस्क्रीमचे रिकामे डबे, श्रीखंडाचे डबे, हॉटेलांच्या पार्सलचे काळे डबे धुऊन वर्षानुवर्षं वापरण्याची काटकसर कौतुकाची खरी. त्यात पोहे ठेवावेत, डाळ ठेवावी. तापवायची वेळ आली की काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढावं. मेलामाइनच्या ताटल्या तर आत जाऊच नयेत. सत्तर अंशांवर त्यांतून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सुटू लागतं, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने दिलेला आहे.

पुन्हा जुनोकडे, कारण तिथला धडा प्लास्टिकहून तातडीचा आहे. लहर अन्नात दोनेक सेंटीमीटरपर्यंत जोर धरते, पुढचं काम हळूहळू वाहत जाणाऱ्या उष्णतेवर सोडते. पोकळीत लहरींचे उंचवटे आणि खळगे साधारण सहा सेंटीमीटरच्या अंतराने बसतात, म्हणून ताटली फिरती ठेवतात. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी शोषतं. त्यामुळे गोठलेल्या मांसाचा एखादा कोपरा आधी वितळला की तोच सगळी ऊर्जा खातो आणि शिजून जातो, शेजारचा गोळा दगड राहतो. २००७ साली अमेरिकेत मायक्रोवेव्हमध्ये करायच्या गोठवलेल्या ‘पॉट पाय’ या मांस-भाज्यांचं सारण भरलेल्या पदार्थामुळे साल्मोनेलाची लागण होऊन चारशेच्या आसपास लोक आजारी पडले. आपला ओव्हन किती वॅटचा हे त्यांच्यापैकी बहुतेकांना सांगता आलं नाही. सूचना एका यंत्राच्या, घरातलं यंत्र दुसरं.

आपल्याकडे जुनोची आवृत्ती शिळ्या भाताची आहे. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. ते विष १२१ अंशांनाही टिकतं. त्या भाताला सकाळी मायक्रोवेव्हने वाफ आणली काय किंवा कढईत फोडणी दिली काय, जंतू मरतील, विष राहील. भात लवकर फ्रीजमध्ये ठेवणं, हाच एक उपाय.

भाजण्याचे अपघातही होतात ते लहरींनी नव्हे, वाफेने. गुळगुळीत, स्वच्छ कपात पाणी तापवलं की बुडबुडा धरायला त्याला जागा मिळत नाही, ते शंभराच्या वर जाऊनही शांत दिसतं आणि कॉफीची पूड पडताच उसळून हातावर येतं. कपात लाकडी चमचा ठेवला, बाहेर काढण्याआधी अर्धा मिनिट थांबलं, तर हे टळतं. उकडलेलं अंडं पुन्हा तापवणं हा त्याहून वाईट उद्योग. एका अमेरिकी हॉटेलावर भरलेल्या खटल्यासाठी ध्वनितज्ज्ञांनी शंभरेक अंडी तापवून, टोचून पाहिली. २०१७ साली मांडलेल्या त्या प्रयोगात तीसेक टक्के अंडी ओव्हनबाहेर, टोचताच फुटली. आवाज १३३ डेसिबलपर्यंत गेला. पिवळ्यात कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. आणि बाळाची बाटली? बाहेरून कोमट लागते, मधल्या घोटात जीभ भाजते. आईच्या दुधातले जंतुविरोधी घटकही जास्त तापमानाला कमी होतात, हे १९९२ च्या अभ्यासात दिसलं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरावी.

माणूस जागीच मारणारी या यंत्रातली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार करतो, आणि सोबतचा कपॅसिटर पिन काढल्यानंतरही भार धरून राहू शकतो. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्यांची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर लोकप्रिय झाले, आणि अमेरिकेच्या लाकूड-कातकाम संघटनेच्या नोंदीनुसार एकट्या अमेरिकेत तीसहून जास्त माणसं त्या नादात गेली. संघटनेने आपल्या कार्यक्रमांतून हे तंत्र हद्दपार केलं.

भारतात ट्रान्सफॉर्मरशी गाठ पडते ती दुरुस्तीच्या टेबलावर. दाराचा खटका बिघडला की ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणारा मिस्त्री कुठल्याही शहरात भेटतो. गिझरचा किंवा पंख्याचा स्विच डायरेक्ट करणं एक, आणि ज्या खटक्यावर यंत्राची सगळी सुरक्षा उभी आहे तो तोडणं दुसरं. तेवढी एक तार लहरींबद्दलच्या सगळ्या निर्धास्त आकड्यांवर पाणी फिरवते. बाकी सगळ्या अफवा बाजूला ठेवून ग्राहकाने घाबरावं असं लहरींचं एकच ठिकाण आहे, ते हे. वाकलेलं दार, तडकलेली काच, सुटलेली बिजागरी किंवा दार उघडल्यावरही गुणगुणत राहणारं यंत्र तत्काळ बंद करून कंपनीच्या माणसाकडे द्यावं. पिनही सोळा अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच घालावी, फ्रीजच्या शेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डात नव्हे.

यात सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. भारतीय मानकात गळतीची चाचणी आहे, तिचं काम ठीक चाललं आहे. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात. भिंतीतून बाराशे वॅट ओढणारं यंत्र अन्नात सातशे-आठशेच पोहोचवतं, तो दुसरा आकडा दारावर ठळक छापलेला असावा. गोठवलेल्या पदार्थांच्या पाकिटावर किमान दोन वेगवेगळ्या वॅटसाठी वेळ असावी, आणि मध्यभाग वाफाळल्याशिवाय खाऊ नये ही ओळ मराठीतही असावी. पार्सलच्या डब्याच्या झाकणावर, तळाशी नव्हे, ‘यात गरम करू नका’ किंवा ‘चालेल’ यांपैकी एक स्पष्ट छापणं हॉटेलांना आणि घरपोच सेवांना सक्तीचं करता येईल. याला नवं संशोधन लागत नाही आणि खर्चही शाईचाच आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरुवात मुंबई-पुण्यातल्या मोठ्या स्वयंपाकघरांपासून करावी, कारण रोजचे सर्वाधिक काळे डबे तिथूनच निघतात.